गीझर परत कोण बोलावणार?

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : सदोष घरगुती विद्युत उपकरणे ग्राहकांच्या घरांतून परत घेण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० ने आपल्याला एक मोठा अधिकार दिला आहे. एखादी वस्तू घातक असल्याची चौकशीअंती खात्री पटली, तर ती परत घ्यायला लावायची आणि ग्राहकाला तिची किंमत परत द्यायला लावायची, असा तो अधिकार. आपले प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून आजवर 'कंपनीने हे मॉडेल परत मागवलंय म्हणे, मी काय करू?' असे विचारत एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढलेले नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला माझे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. गीझर, मिक्सर, इस्त्री, उन्हाळ्यात कूलर, कधीमधी वॉशिंग मशीन. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, काही वर्षे एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढली आणि मग स्वतःचे टेबल टाकले. म्हणजे कंपनीचे जॉब कार्ड कसे भरले जाते हेही मी पाहिले आहे, आणि जळलेले उपकरण पिशवीत घालून आणणाऱ्या बाईचा चेहराही रोज पाहतो.

याच दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांना त्यांच्या चारचाकीच्या कंपनीकडून मेसेज आला होता. गाडीतला एक भाग सदोष निघाला आहे, अमुक तारखेपर्यंत वर्कशॉपला आणा, भाग फुकट बदलून देऊ. ते मोठ्या कौतुकाने मला मोबाइल दाखवत होते आणि माझ्या समोर त्यांच्याच बाथरूममधला गीझर उघडा पडला होता, आतली न्यूट्रलची वायर कोळसा झालेली. गाडीसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ सालीच कलम ११०-अ आले, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या विकल्या जातात आणि त्यामागे किती तक्रारी आल्या की चौकशी सुरू करायची, याचा तक्ताच त्या नियमांत आहे. ज्या गीझरखाली त्याच माणसाची मुले रोज ओल्या अंगाने उभी राहतात, त्याच्यासाठी असा तक्ता कुठे आहे?

आता त्या जळलेल्या वायरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातच आहे. कंपनीचे नाव घेत नाही. इथे ते महत्त्वाचे नाही.

तो तीन लिटरचा इन्स्टंट गीझर होता. ३ किलोवॅटची कॉइल, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर करंट. एवढा करंट ज्या जोडातून जातो, तो जोड घट्टच असावा लागतो. या मॉडेलमध्ये थर्मल कट-आऊटला (पाणी फार तापले की वीज तोडणाऱ्या भागाला) जाणाऱ्या वायरीचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, कारखान्यात नीट दाबलेले नव्हते. जोड किंचित ढिला असला की तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पितळ काळे पडते, काळ्या पितळेचा विरोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. असे महिनोन्‌महिने चालते. शेवटी वायरीचे आवरण वितळते आणि शेजारच्या प्लास्टिकला धग लागते. यात वाईट गोष्ट अशी, की घरातली कोणतीही सुरक्षा याला थांबवत नाही. करंट नेहमीइतकाच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही. करंट गळत नाही, म्हणून आरसीसीबीही पडत नाही. गिऱ्हाईकाने सगळे नियम पाळले, आयएसआय शिक्का बघून घेतला, अर्थिंग करून घेतले, तरी तो जोड भिंतीवर तापतच राहतो.

पहिला आला तेव्हा वायर बदलून दिली. वापराने एखादा जोड जळतो, त्यात नवल नाही. मग दुसरा आला, तिसरा आला. निरनिराळ्या सोसायट्या, कुठे बोअरचे पाणी, कुठे महापालिकेचे. वायर मात्र तीच, जळलेली जागा तीच. मागच्या पट्टीवरचे उत्पादन वर्ष आणि महिने जवळजवळचे. गिऱ्हाईकाच्या वापरामुळे होणारे बिघाड असे एका रांगेत येत नाहीत. पाण्यातल्या क्षारांनी कॉइल फुटते ती इथे वर्षाने, तिथे तीन वर्षांनी. एकाच जागी, एकाच काळातल्या मालात बिघाड आला, की तो कारखान्यातून आलेला असतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, टेबलावर पुरेसे नग यावे लागतात.

सर्व्हिस सेंटरमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला चहावर विचारले. तो म्हणाला, "नवीन लॉटला कनेक्टर बदललाय ना. तुम्ही पण तोच टाका, त्रास नाही होणार." म्हणजे कंपनीला कळले होते. कळले म्हणूनच पुढच्या मालात सुधारणा झाली. आधी विकलेल्या मालाचे काय? ज्याचा जळेल तो येईल. वॉरंटीत असेल तर फुकट, नसेल तर पैसे भरून. जॉब कार्डवर शेरा : 'व्होल्टेजची समस्या'.

महोदय, या गुपचूप सुधारणेला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. माल सदोष निघणे हा गुन्हा नव्हे. लाखो नग बनवणाऱ्या कारखान्यात एखादे यंत्र आठवडाभर कमी दाब देणारच. पण दोष सापडला, नव्या मालातून काढून टाकला आणि जुना माल ज्यांच्या भिंतीवर टांगलेला आहे त्यांना सांगितले नाही, याला चूक म्हणत नाहीत. हा विचार करून घेतलेला निर्णय असतो.

कायद्याच्या कलम १७ नुसार आपल्याकडे, प्रादेशिक कार्यालयाच्या आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, हे मी वाचले आहे. ती 'ग्राहक वर्गाच्या' हिताला बाधा आणणाऱ्या गोष्टींबद्दल असावी, असे तिथे म्हटले आहे. आता ज्याच्या घरी एक गीझर आहे, त्याला वर्ग कसा दिसणार? त्याला आपला एक जळलेला गीझर दिसतो. शेजारच्या सोसायटीतही तोच जळला, हे त्याला कधीच कळत नाही. वर्ग दिसतो दोघांनाच. एक कंपनीला, कारण प्रत्येक जॉब कार्डवर अनुक्रमांक असतो. आणि दुसरा आमच्यासारख्या कारागिरांना, कारण वॉरंटी संपलेला सगळा माल शेवटी आमच्याकडे येतो. कंपनी सांगत नाही. आम्हाला कुणी विचारत नाही.

तिसरी शक्यता सरकारी कागदांची. तिथे काय होते तेही पाहा. घरात आग लागली, की पंचनाम्यात दोन शब्द येतात : शॉर्ट सर्किट. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' एवढेच लिहावे, तसा हा प्रकार. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. कुठले उपकरण, कुठली कंपनी, कुठले मॉडेल, कुठल्या वर्षाचे, जोड जळला की आवरण फाटले, यातले काहीच त्या कागदावर नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अपघाती मृत्यूंचे अहवाल काढून बघा. २०१९, २०२०, २०२१ या तिन्ही वर्षांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू १२ हजारांच्या वर आहेत. त्यात शेतात लोंबणारी तार किती, पाण्याच्या बादलीतला हीटर रॉड किती आणि गंजलेला कूलर किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

विद्युत निरीक्षक म्हणून एक अधिकारी असतो. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची खबर त्याला द्यावी लागते. पण हे कलम विजेच्या वाहिन्या आणि 'विद्युत संयंत्र' यांच्याशी जोडलेले आहे आणि संयंत्राच्या व्याख्येतून ग्राहकाच्या ताब्यातले उपकरण स्पष्ट शब्दांत वगळले आहे. खांबावर काही झाले तर कायद्याला खबर हवी आहे. मीटरच्या अलीकडे, मोरीत किंवा स्वयंपाकघरात, घरातल्या उपकरणाने काही केले तर ती खबर देण्याची सक्ती नेमकी कुणावर, हे मला तरी त्या कलमात सापडले नाही.

आपण काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपण सुरक्षा सूचना काढल्या. त्यातल्या दुसरीत पाणी तापवायचे इमर्शन हीटर आणि मायक्रोवेव्हही होते. आयएसआय चिन्हाशिवाय घेऊ नका, असे त्यात सांगितले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनवरून विकल्या गेलेल्या २,२६५ प्रेशर कुकरांबद्दल आणि फ्लिपकार्टवरच्या ५९८ कुकरांबद्दल आपण आदेश दिले : ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, वर एक-एक लाख रुपये दंड भरा. ॲमेझॉनचे प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले, ते असो. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने दिल्लीतल्या ॲमेझॉनच्या गोदामातून साडेतीन हजारांवर वस्तू जप्त केल्या. त्यात गीझर होते, फूड मिक्सर होते.

पण या सगळ्या कारवायांत दोष एकाच जातीचा आहे : शिक्का नव्हता. शिक्का असलेल्या मालात कारखान्यातच दोष शिरला, तर काय? माझ्या टेबलावर आलेल्या त्या सगळ्या गीझरांवर आयएसआयचे चिन्ह होते, खाली परवाना क्रमांक होता, आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकल्यावर तो खराही निघाला. शिक्का हे सांगतो, की या मॉडेलचा नमुना तपासणीत उतरला आणि कारखान्यावर देखरेख आहे. अमुक महिन्यातल्या अमुक नगाचे थिंबल नीट दाबले गेले की नाही, हे शिक्का सांगू शकत नाही. ते सांगायला माल वापरात गेल्यानंतरची नोंद लागते. अशी नोंद ठेवणारे कुणी आपल्या देशात मला दिसत नाही.

शिवाय त्या कुकरांच्या आदेशात एक सोय होती. माल ऑनलाइन विकलेला, त्यामुळे २,२६५ च्या २,२६५ ग्राहकांची नावे, पत्ते, फोन हाताशी होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत जाऊन बघा. तिथे गीझर घेतला तर बिल पक्के हवे की कच्चे, हा प्रश्न पहिला येतो. कच्चे स्वस्त पडते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून द्या म्हटले, तर दुकानदार म्हणतो, "घेऊन जा हो, काय झालं तर आणा परत." तो बिचारा खोटे बोलत नाही, बदलूनही देतो. पण कंपनीच्या दप्तरी त्या गिऱ्हाईकाचे नाव लागत नाही ते नाहीच. उद्या आपण कलम २० खाली आदेश काढलात, तर तो कुणाच्या पत्त्यावर जाणार?

दोष जाहीर होऊनही काय होते, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. तिथे व्हर्लपूल कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले, की हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांनी विकलेल्या कपडे वाळवायच्या यंत्रांत दोष आहे. कपड्यांचा भुसा तापत्या कॉइलला लागून पेट घेऊ शकतो. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात बनलेली, ५० लाखांहून अधिक यंत्रे. या दोषामुळे निदान ७५० आगी लागल्या होत्या. कंपनीने यंत्रे परत घेतली नाहीत. मेकॅनिक घरी येऊन दुरुस्त करेल, तोवर यंत्र वापरा, फक्त चालू ठेवून बाहेर जाऊ नका, असा सल्ला दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिम लंडनमधल्या शेफर्ड्‌स कोर्ट या उंच इमारतीत आग लागली. कारण निघाले असेच एक यंत्र. यंत्राचा प्लग काढून ठेवा, असे सांगायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला आणि यंत्रे परत घ्यायला २०१९ चा जुलै. तेही सरकारने आदेश काढण्याची तयारी दाखवल्यावर. ज्या देशाचा नियम पाळण्याचा लौकिक आहे, तिथे हे झाले. 'दुरुस्त करून देऊ' आणि 'परत घेऊ' यांत कंपनीला नेहमी पहिले स्वस्त पडते. दोन्हींच्या मधल्या काळात यंत्र मात्र चालूच असते.

अमेरिकेत निदान एक गोष्ट सक्तीची आहे. आपल्या मालात असा धोका आहे हे कळले, की कंपनीने २४ तासांत तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवायचे. ग्री या चिनी कंपनीची, खोलीतला दमटपणा शोषून घेणारी २० लाखांहून अधिक यंत्रे २०१३ मध्ये परत मागवली गेली, कारण ती पेट घेत होती. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या दोन अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. कशासाठी? कळवले नाही, म्हणून. दोन माणसांवर व्यक्तिशः खटला चालला. आपल्याकडच्या एखाद्या साहेबाला आपल्या नावावर असा खटला चालू शकतो हे माहीत असते, तर त्या जॉब कार्डावर 'व्होल्टेजची समस्या' लिहिले गेले असते का?

महोदय, आपल्याकडे मागायचे ते पहिले हेच. एकाच मॉडेलच्या एकाच भागात तोच बिघाड ठरावीक संख्येने आला, किंवा त्या भागाची रचना सुरक्षिततेसाठी बदलली, की कंपनीने आपल्याला लेखी कळवलेच पाहिजे. ती संख्या किती असावी, हे तज्ज्ञ ठरवतील. गाड्यांसाठी ठरवता आली, तर गीझरसाठीही ठरवता येईल. गुपचूप कनेक्टर बदलणे बंद व्हायचे असेल, तर कनेक्टर बदलला हीच खबर झाली पाहिजे.

दुसरे, ग्राहकापर्यंत पोचायचे कसे. इथे जपानचे उदाहरण मला फार आवडते. मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, हिच्या रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या हीटरमधून विषारी वायू गळून २००५ मध्ये माणसे दगावली. ते हीटर १९८५ ते १९९२ मधले. वीस वर्षांपूर्वी कुणी घेतले, आता कुणाच्या घरात आहेत, कोण सांगणार? कंपनीने आपल्या टीव्हीवरच्या जाहिराती काढून तिथे सावधगिरीची सूचना लावली आणि २००६ मध्ये देशातल्या झाडून साऱ्या घरांना, सुमारे ६ कोटी पत्त्यांवर, पोस्टकार्डे टाकली. यादी नसेल तर प्रत्येकालाच सांगायचे, असा सरळ हिशेब.

आपल्याकडे सहा कोटी पोस्टकार्डांचा खर्च कुणी करायचा, असे म्हणाल. तो करायची गरजच नाही. वीजबिल आहे की! महावितरणचे ग्राहक अडीच कोटींहून जास्त आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांची बिले जातात, गोव्यात वीज खात्याचे. ज्याच्या घरात गीझर आहे त्याच्या घरात वीजबिल येतेच येते, कच्च्या बिलावर घेतलेल्या गीझरच्या घरातसुद्धा. त्या बिलावर ऑनलाइन भरण्याच्या सवलतीपासून थकबाकीच्या इशाऱ्यापर्यंत सगळे छापले जाते. चार ओळी या कामासाठी राखा. कंपनी, मॉडेल, उत्पादनाचा काळ, दोष काय आणि आज लगेच काय करायचे. मोठ्या अक्षरात, मराठीत. खर्च त्या कंपनीकडून वसूल करा. आता पुष्कळांना बिल मोबाइलवर येते. ठीक आहे, मेसेजमध्ये तेच पाठवा.

लिहायचे कसे, यालाही महत्त्व आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून लागू केलेल्या नव्या नियमांत कंपनीने अशा सूचनेत 'स्वेच्छेने', 'खबरदारी म्हणून', 'क्वचित प्रसंगी' असले शब्द वापरू नयेत, असे बजावले आहे. अजून अपघाताची नोंद नाही, असे लिहून धोका सौम्य करायलाही मनाई आहे. आमच्याकडच्या कंपन्यांची पत्रके मी वाचतो. ग्राहकांच्या समाधानासाठी सदैव कटिबद्ध, वगैरे दीड परिच्छेद झाल्यावर कुठेतरी तळाला मॉडेल क्रमांक असतो. 'हे उपकरण पेट घेऊ शकते, आजच प्लग काढा' हे वाक्य पहिल्या ओळीत हवे.

लोकांना मॉडेल क्रमांक कळत नाहीत, असले काही वाचून कुणी बघत नाही, हे ऐकवू नका. ऑगस्ट २००७ आठवा. नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल सूचना काढली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, आणि योगायोग बघा, बनवणारी तीच मात्सुशिता. तेव्हा इथे गल्लीबोळात माणसे मोबाइलची पाठ उघडून बॅटरीवरचे बारीक आकडे वाचत होती. भाजीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे एकमेकांना नंबर विचारत होते. अफवाही भरपूर उठल्या, पण आकडे वाचायला कुणाला अडचण आली नाही. सांगितले तर लोक बघतात.

तिसरी गोष्ट आपल्या कार्यालयातल्या कुणाच्या मनात येणार नाही, कारण ती जुन्या बाजारात गेल्याशिवाय दिसत नाही. परत घेतलेल्या मालाचे पुढे काय होते? आपल्याकडे वस्तू मरत नाही. मिक्सर आवाज करायला लागला की तो कामवाल्या मावशींकडे जातो, तिथून त्यांच्या गावी. दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये दिलेला गीझर नवी बॉडी, जुनी टाकी असा अवतार घेऊन महिन्याभरात विकायला ठेवलेला असतो. मी स्वतः असे नग उघडले आहेत, आत वेगवेगळ्या तीन कंपन्यांचे भाग. सदोष म्हणून परत घेतलेला माल गोदामाच्या मागच्या दाराने याच वाटेला लागला, तर आपण धोका फक्त एका घरातून दुसऱ्या, बहुधा गरीब घरात हलवला, इतकेच होईल. अमेरिकेत पुष्कळदा ग्राहकालाच सांगतात, की वायर कापा, कापलेल्या वायरीसकट फोटो पाठवा, पैसे मिळतील. नग कुठेही हलवायचा नाही, आणि तो पुन्हा कुणी लावणार नाही. हे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. आदेशात नष्ट करण्याची पद्धत आणि तिचा पुरावा सक्तीचा करा.

एक गोष्ट मात्र कलम २० ने सुटणार नाही, तीही सांगून ठेवतो. विदर्भात उन्हाळ्यात जे कूलर लागतात, त्यातले कितीतरी स्थानिक वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून बनवलेले असतात. पंखा एकाचा, पंप दुसऱ्याचा, वायर जी मिळेल ती. पंपाचे आवरण फुटून पाण्यात करंट उतरतो आणि लोखंडी बॉडीला अर्थ नसतो. हात ओला, पाय उघडे, फरशी ओली. पाणी भरायला गेलेला माणूस चिकटतो. महावितरण दर उन्हाळ्यात सांगते, की पाणी भरताना प्लग काढा. हे परत कोण घेणार? त्यावर बनवणाऱ्याचे नावच नसते. इथे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १६ ने दिलेला चौकशीचा अधिकार मार्चच्या आधी वापरला पाहिजे. निदान पंप आणि वायर कुठून येतात, त्या चार-दोन पुरवठादारांपर्यंत पोचा. वर्कशॉपवाल्यांवर छापे घालून फार काही हाती लागेल, असे मला वाटत नाही. तो पत्रा वाकवणारा आमच्यातलाच आहे आणि त्याला अर्थिंगची वायर लावायला शिकवणे छाप्यापेक्षा सोपे आहे.

शेवटी आम्हा कारागिरांबद्दल. १९१५ या हेल्पलाइनला ग्राहक आपल्या पैशांबद्दल फोन करतो, ते योग्यच आहे. पण तिथे 'मी दुरुस्ती करणारा आहे, माझे स्वतःचे काही नुकसान झालेले नाही, तरी या मॉडेलमध्ये मला तोच दोष वारंवार दिसतो आहे' असे सांगितले, तर ती नोंद कुठल्या रकान्यात जाणार? असा रकाना करा. मॉडेल, उत्पादन महिना, बिघडलेला भाग, फोटो. आमच्यातल्या पुष्कळांना इंग्रजीत फॉर्म भरता येत नाही, म्हणून मराठीत, हिंदीत, फोनवरून भरता येईल असा. आमच्याबद्दल खात्री वाटणार नाही, हेही मला समजते. काही कारागीर स्वतःच हलका माल टाकतात आणि कंपनीवर ढकलतात. म्हणून एकाच्या नोंदीवर काही करू नका. पण कोल्हापूर, नाशिक, लातूर अशा तीन ठिकाणचे, एकमेकांना न ओळखणारे तीन जण एकाच मॉडेलच्या एकाच जोडाबद्दल सांगू लागले, तर कंपनीकडून जॉब कार्डे मागवायला तेवढे कारण पुरे.

त्या गीझरचे जळलेले कनेक्टर मी फेकलेले नाहीत. प्रत्येकाला मॉडेल, अनुक्रमांक आणि उत्पादनाचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवली आहे. नव्या लॉटचा बदललेला कनेक्टरही शेजारी आहे, तुलनेसाठी. ज्यांचे ते गीझर, त्यांची परवानगी घेतलेली आहे. तपासणीसाठी हवे असतील तर सगळे पाठवतो, कुरिअरचा खर्च माझा. कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या नावाने पाठवायचे, तेवढे कळवावे.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर,
पुणे